खाल्ल्या मिठाचा प्रश्न

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला आहे. नोकरीला निघालेल्या मुलाला, दुकानात नव्याने ठेवलेल्या गड्याला, दुसऱ्याच्या घरी शिकायला राहिलेल्या विद्यार्थ्याला तो सारख्याच गांभीर्याने केला जाई. कृतज्ञता हा सद्गुण आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हाच सद्गुण सार्वजनिक जीवनात आला की त्याचे काय होते, याचे भेदक चित्र महाभारतकारांनी रंगवून ठेवले आहे. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी युधिष्ठिर कवच उतरवून पायी शत्रुसैन्यात जातो आणि भीष्म, द्रोण, कृप व शल्य यांना वंदन करतो. चौघेही त्याला विजयाचा आशीर्वाद देतात. आणि चौघेही एकच कबुली देतात, की आम्ही कौरवांच्या धनाने बांधले गेलो आहोत, म्हणून लढणार मात्र त्यांच्याच बाजूने. धर्म कोणत्या बाजूला आहे हे भीष्मांना कळत नव्हते, असे कोण म्हणेल? ते कृतघ्न नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

निवडणुकीच्या खर्चाचा विचार करताना मला नेहमी हा प्रसंग आठवतो. उमेदवाराला निवडून येण्यासाठी पैसा लागतो. तो स्वतःचा असेल, कोणा धनिकाचा किंवा कंपनीचा असेल, पक्षाचा असेल, अथवा सरकारी तिजोरीतून आलेला असेल. यांपैकी शेवटच्या मार्गाची, म्हणजे निवडणूक खर्च सार्वजनिक निधीतून करण्याची चर्चा आपल्या देशात निदान पस्तीस वर्षे अधूनमधून होत आली आहे. ती बहुधा हिशेबाच्या अंगाने होते: इतके कोटी लागतील, काळा पैसा इतका कमी होईल किंवा होणार नाही. मला वाटते, हा हिशेबाचा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा, की लोकप्रतिनिधीने कोणाचे मीठ खावे?

हा प्रश्न मला पुस्तकांतून पडलेला नाही. जुन्या हुबळीतील एका लहानशा मंडळाचे हिशेब मी काही वर्षे पाहत होतो. मंडळाच्या सभागृहाचे छप्पर गळत होते आणि वर्गणीतून त्याची दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. एका उमेदवाराच्या माणसांनी येऊन सांगितले, ‘पत्रे आमच्याकडून.’ दोन दिवसांत प्रतिस्पर्धी उमेदवाराची माणसे आली आणि म्हणाली, ‘त्यांचे पत्रे घेतलेत तर फरशी आमची घ्यावी लागेल, नाहीतर तुम्ही त्यांचे झालात असे आम्ही समजू.’ कार्यकारिणीच्या बैठकीत आमचे एक वृद्ध सभासद, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, एवढेच म्हणाले, ‘अहो, पत्रे घ्या. पण उद्या त्यांच्यापुढे तोंड उघडायची वेळ आली तर आपल्यापैकी कोण उघडणार, त्याचे नाव आजच लिहून ठेवा.’ आम्ही हसलो आणि पत्रे घेतले. फरशी नाकारली, म्हणून आपण निम्मे तरी स्वच्छ राहिलो असे समाधानही मानले. पुढच्या वर्षी गल्लीतील गटारीचे काम अर्धवट सोडून दिले गेले. निवडून आलेल्या त्या गृहस्थांकडे निवेदन घेऊन जायचे ठरले, तेव्हा बैठकीला नेहमी येणाऱ्यांपैकी एकही जण मोकळा नव्हता. मीही नव्हतो. माझ्या घरी त्या दिवशी कोणतेही काम नव्हते, हे आज लिहून टाकायला हरकत नाही.

येथे लाच कोणी घेतली नव्हती. कोणी खोटे बोलले नव्हते. आम्ही फक्त कृतज्ञ होतो. माझ्या मते या विषयाची खरी अडचण येथेच आहे. कायदा देणगीदार आणि उमेदवार यांच्या नात्याकडे संशयाने पाहतो. आपली परंपरागत नीती मात्र त्याच नात्याला निष्ठा म्हणते. जो आमदार आपल्या देणगीदाराचे काम करून देतो तो लोकांच्या दृष्टीने दुष्ट नसतो, ‘माणसाला जागणारा’ असतो. म्हणून केवळ कायद्याचा धाक दाखवून हे नाते तुटेल, असे मला वाटत नाही. मिठाचा मालकच बदलता येतो का, हे पाहिले पाहिजे.

ही शंका प्रथम ज्यांनी न्यायासनावरून स्पष्टपणे मांडली, त्यांच्याशी आपला एका अर्थाने शेजारधर्म आहे. १९५२ ची पहिली विधानसभा निवडणूक आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी लढवली आणि पाहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तोवर आपले उच्च न्यायालय मुंबईचेच होते. पुढच्याच वर्षी त्या न्यायालयात एक प्रकरण आले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करायची होती आणि एका भागधारकाने तिला विरोध केला होता. मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांनी दुरुस्तीला कायद्याने अडवता येत नाही, असा निर्णय दिला. पण तो देताना त्यांचे मन स्वस्थ नव्हते. मोठ्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोका त्यांनी बोलून दाखवला आणि संसदेने यात लक्ष घालावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये ती उठवली. मधल्या सोळा वर्षांत देणग्या थांबल्या नाहीत, त्यांच्या नोंदी तेवढ्या थांबल्या.

त्या भागधारकाचा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या पक्षाला मी मत देणार नाही त्याला माझा पैसा का जावा, असे त्याचे म्हणणे होते. सार्वजनिक निधीविरुद्ध आज करदाता नेमका हाच आक्षेप घेतो. ज्याची मते मला विषासमान वाटतात, त्याच्या प्रचारपत्रकाचा कागद माझ्या करातून का यावा? यावर सामान्यतः उत्तर दिले जाते, की मला नावडणाऱ्या आमदाराचे वेतनही माझ्याच करातून जाते. हे उत्तर पुरेसे नाही. वेतन हे लोकांनी कौल दिल्यानंतरचे आहे, प्रचार हा कौल देण्यापूर्वीचा आहे. निवडून आलेला माणूस माझाही प्रतिनिधी असतो. उमेदवार अजून कोणाचाच नसतो. परंतु व्याख्यानमालेचे उदाहरण घेतले तर मार्ग सापडतो असे वाटते. सभागृहाचे भाडे, दिवे, बैठक यांचा खर्च संस्था करते, मग वक्ता कोणत्याही मताचा असो. त्याच्या भाषणाचा मजकूर ती विकत घेत नाही. निवडणुकीत राज्यसंस्थेने असे सभागृह उभे करावे, वक्त्याच्या खिशात हात घालू नये, ही मर्यादा पाळली तर भागधारकाच्या आक्षेपाची धार बरीच बोथट होते.

इंद्रजित गुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९८ मध्ये हीच दिशा धरली होती. मदत रोख रकमेत न देता वस्तूंच्या व सोयींच्या रूपाने द्यावी: कागद, ठरावीक इंधन, मतदारयाद्या, ध्वनिक्षेपक, दूरध्वनी, आकाशवाणी-दूरदर्शनवरील वेळ. त्यासाठी केंद्राने मतदारामागे १० रुपये या हिशेबाने, तेव्हाच्या ६० कोटी मतदारांसाठी, वर्षाला ६०० कोटी रुपये बाजूला काढावेत आणि राज्यांनी मिळून तेवढीच भर घालावी, अशी योजना होती. १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीचेही मत वस्तुरूप मदतीच्याच बाजूने होते. यांपैकी फार थोडे अमलात आले.

गुप्ता समितीच्या अहवालात एक गोष्ट मात्र खटकते आणि आपल्यासारख्यांना ती विशेष खटकावी. ही मदत मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांच्या उमेदवारांनाच मिळावी, अपक्षांना नाही, अशी शिफारस होती. कारण समजण्यासारखे आहे. मदत मिळते म्हटल्यावर उमेदवारांचे पीक येईल. पण ज्यांची संख्या थोडी, ज्यांची भाषा किंवा प्रश्न कोणत्याही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात मावत नाहीत, ते निवडणुकीला उभे राहतात तेव्हा बहुधा अपक्ष म्हणूनच राहतात. बेळगाव भागात महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या लेखी अपक्षच असतात. समितीच्या भूमिकेशी कोण सहमत आहे आणि कोण नाही, हा येथे मुद्दा नाही. आपल्या हुबळीतल्या घरांत त्याविषयी दोन मते पहिल्यापासून आहेत. मुद्दा असा, की जे आधीच बलवान आहेत त्यांनाच तिजोरीतून बळ देणारी व्यवस्था समतेच्या नावाने उभी राहिली, तर तिला समता म्हणता येणार नाही. गेल्या निवडणुकीतील मतांच्या प्रमाणात मदत देण्यातही हाच दोष आहे.

आपण अजून सार्वजनिक निधी सुरू केलेला नाही, अशी समजूत आहे. तीही पूर्ण खरी नाही. पक्षांचे उत्पन्न अटी पाळल्यास करमुक्त असते. २००३ पासून राजकीय देणगीवर देणाऱ्याला करातून पूर्ण वजावट मिळत आली आहे. जुन्या करपद्धतीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने एक लाख रुपये दिले, तर उपकर बाजूला ठेवला तरी त्याच्या खिशातून प्रत्यक्षात सत्तर हजार जातात. तीस हजार तिजोरी सोडून देते. म्हणजे ते तीस हजार तुमचे-माझे आहेत, फक्त ते कोणाला द्यायचे हे त्याने ठरवायचे, आणि उपकाराचे श्रेय पूर्ण लाखाचे त्याला. ज्याला कर भरण्याइतके उत्पन्नच नाही त्याने शंभर रुपये दिले तर त्याला तिजोरीची साथ नाही. सार्वजनिक निधी आहेच, तो उलट्या दिशेने वाहतो आहे.

हिशेब न मिळाल्याचे परिणाम काय होतात, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील दोन घटना पुरतील. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून अशोक चव्हाण निवडून आले. त्या काळात वृत्तपत्रांत त्यांच्या गौरवपर मजकुराची पानेच्या पाने आली होती. त्यांच्या खर्चपत्रकात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींचा आकडा ५,३७९ रुपये होता. प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. ती पाने बातमी होती की जाहिरात, आणि जाहिरात असेल तर तिचा खर्च कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आयोगाला खर्चाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांविरुद्ध निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हा त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण या वादात गेलेली पाच वर्षे पाहा. विधानसभेची मुदतच संपत आली होती. दुसरी घटना जून २०१३ ची. गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतील एका समारंभात, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला सुमारे ८ कोटी रुपये खर्च झाला, असे जाहीरपणे सांगितले. त्या वेळी मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने नोटीस काढली, त्यांनी खुलासा दिला. त्या वाक्याने खळबळ उडाली. पण मला आठवते ते असे, की आमच्या ओळखीच्या कोणालाही आकड्याचे आश्चर्य वाटले नव्हते. आश्चर्य वाटले ते तो उच्चारला गेल्याचे.

ही खर्चमर्यादा आता मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. ती फक्त उमेदवाराला आहे. पक्षाने करायच्या खर्चाला मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये हे दार बंद करून पाहिले होते. दिल्लीतील १९७१ च्या एका लोकसभा निवडणुकीत पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी विजयी अमरनाथ चावला यांच्याविरुद्ध केलेल्या दाव्यात न्या. भगवती यांनी पक्षाचा खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला आणि निवडणूक रद्द केली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि दार पुन्हा उघडले. प्रतिस्पर्धी असलेल्या पक्षांनी त्या दारापाशी मात्र कधी भांडण केलेले नाही.

नंतर रोख्यांचा काळ आला. २०१८ ते २०२४ या वर्षांत निवडणूक रोख्यांतून सुमारे १६ हजार कोटी रुपये पक्षांकडे गेले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. तिच्या समर्थनार्थ गुप्तदानाचा युक्तिवाद केला जाई. आपल्यापैकी प्रत्येकजण केव्हा ना केव्हा सिद्धारूढ मठातील दासोहाच्या पंगतीला बसलेला आहे. पानात पडलेला भात कोणाच्या शिध्याचा, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते, खाणाऱ्याला तर नाहीच. म्हणून उठताना आपण कोणा एकाचे मिंधे नसतो. गुप्तदानाचा अर्थ हा आहे: खाणाऱ्याला दाता कळू नये. रोख्यांत खाणाऱ्याला दाता कळायला कोणताच अडथळा नव्हता. कळत नव्हते ते पंगतीबाहेर उभे असलेल्या मतदारांना. शब्द गुप्तदानाचा, व्यवहार त्याच्या बरोबर उलट.

मग सार्वजनिक निधी म्हणजे दासोहच नव्हे काय? तत्त्वतः होय आणि म्हणूनच ती कल्पना मला आकर्षक वाटते. सर्वांच्या शिध्यातून वाढलेले अन्न खाल्ले तर ऋण सर्वांचे होते. परंतु दोन शंका सुटत नाहीत.

पहिली अशी, की दासोहाला येऊन जेवलेला मनुष्य रात्री सावकाराकडेही जेवू शकतो. निवडणूक आयोगाची या कल्पनेविषयीची नाखुशी मुख्यतः याच कारणाची आहे: सरकारी मदतीवर वरचा खासगी खर्च कसा रोखणार? १९९९ च्या अहवालात विधी आयोगानेही संपूर्ण सार्वजनिक निधी इष्ट म्हटला, पण पक्षांना अन्य मार्गाने पैसा घेण्यास बंदी असेल तरच. २०१५ च्या अहवालात तर आजच्या आर्थिक स्थितीत तो व्यवहार्य नाही, वस्तुरूप मदतीपुरतेच थांबावे, असे सांगितले. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांना १९७६ पासून सार्वजनिक निधी मिळतो. अट अशी की तो घेतला तर मुख्य प्रचारासाठी खासगी देणगी घ्यायची नाही. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी सुमारे ८ कोटी ४१ लाख डॉलर घेतले आणि मर्यादा स्वीकारली. बराक ओबामा यांनी आधी अनुकूलता दाखवून नंतर निधी नाकारला आणि त्याच्या कितीतरी पट रक्कम देणग्यांतून उभी केली. मॅकेन यांनी त्यांच्यावर शब्द फिरवल्याचा आरोप केला; ओबामा यांचे म्हणणे, लाखो सामान्य माणसांनी दिलेले लहान लहान पैसे हाच खरा सार्वजनिक निधी. शब्द फिरवला हे खरे, आणि बचावातही तथ्य होते. २०१२ पासून दोन मोठ्या पक्षांच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराने मुख्य निवडणुकीसाठी तो निधी घेतलेला नाही. सावकाराचे ताट मोठे असले की दासोहाची पंगत रिकामी राहते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. वाढणाऱ्याच्या हाती पळी असते. जर्मनीत पक्षांना सरकारी मदत मिळते. पण ती पक्षाने स्वतः उभ्या केलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त असू शकत नाही आणि सामान्य सभासदांच्या लहान देणग्यांवर प्रत्येक युरोमागे ठरावीक भर घातली जाते. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. तरीही जानेवारी २०२४ मध्ये तेथील घटना न्यायालयाने एका अतिरेकी उजव्या पक्षाला सहा वर्षांसाठी या मदतीतून वगळले. तो पक्ष वगळण्याजोगा होता, असेच मला वाटते. पण तसे मला वाटते हे पाहूनच मी थबकतो. आपल्याकडे ही पळी कोणाच्या हाती असेल? राज्याचे मीठ आणि सरकारचे मीठ यांत फरक आहे, हे सिद्धांतात सांगणे सोपे. पाकिटावर शिक्का मात्र एकच असतो.

म्हणून माझा कल आज असा आहे, की तिजोरीने पक्षांना पैसा देऊ नये, वर्गणीला जोड द्यावी. सभागृह, मतदारयादी, टपाल, प्रसारवेळ हे सर्व उमेदवारांना, काही किमान पाठिंबा दाखवणाऱ्या अपक्षांनाही, सारखे मिळावे. त्यापुढे, सामान्य मतदाराने दिलेल्या पन्नास-शंभर रुपयांवर तेवढीच भर राज्याने घालावी आणि मोठ्या देणगीवरची करसवलत काढून घ्यावी. यात पक्षाला पैसा हवा असेल तर त्याला पावतीपुस्तक घेऊन गल्लीत यावे लागेल. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना गेल्या वर्षीचा हिशेब विचारण्याचा हक्क आपण बजावतोच. एकवीस रुपये दिलेले असतात म्हणून बजावतो. उमेदवाराला तो विचारत नाही, कारण त्याला आपण काही दिलेले नसते. बहुतेक वेळा घेतलेलेच असते.

आणि या ‘घेतलेले’ शब्दापाशी माझा युक्तिवाद अडखळतो, हे कबूल केले पाहिजे. मी येथवर उमेदवाराच्या मिठाविषयी लिहिले. मतदाराच्या मिठाचे काय? निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट घेणारी गरीब बाई दुसऱ्या दिवशी त्याच चिन्हावर मत देते आणि विचारले तर म्हणते, ‘खाल्ले आहे ना बाबा त्यांचे.’ तिला अप्रामाणिक म्हणणे मला जमत नाही; उलट पाकीट घेऊन दुसऱ्याला मत देण्याची हुशारी शिकवणारे सुशिक्षितच मला अधिक संशयास्पद वाटतात. तिचे पाकीट आणि आमचे पत्रे यांत फरक इतकाच, की आमच्या पत्र्यांची नोंद इतिवृत्तात आहे, आभाराच्या ठरावासह. उमेदवाराचा खर्च तिजोरीने उचलला म्हणून ही मागणी संपेल, असे मानायला आधार नाही. कदाचित मागणी आहे म्हणूनच खर्च आहे.

काका आता नाहीत. त्यांच्या पश्चात दोन वर्षांनी मी कार्यकारिणीपुढे एक ठराव मांडला: निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत मंडळाने कोणाकडूनही एकशे एक रुपयांपेक्षा अधिक देणगी स्वीकारू नये. चर्चा दीड तास चालली. स्वयंपाकघराची भिंत पडायला आली आहे, अशा वेळी तत्त्वज्ञान परवडत नाही, असे एक सभासद म्हणाले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. भिंतीसाठी वर्गणी काढली, ती पुरली नाही म्हणून काम दोन टप्प्यांत केले. दुसरा टप्पा अजून व्हायचा आहे. छपरावर पत्रे तेच आहेत.